भट्टीच्या कटावरचे टिपके

मी एक जुना प्रोग्रॅम आहे. आता बंद पडलेला. मित्रांनो, जुन्या सायकलीला निदान गंज तरी चढतो, जुन्या छत्रीच्या काड्या तरी कोणाच्या हाताला लागतात. माझे तसे काही नाही. मी पडद्यावर जन्मलो, पडद्यावर राबलो आणि एके दिवशी पडद्यावरूनच पुसला गेलो. कोणा परक्या गावातल्या गोदामात वीज काढून ठेवलेल्या एखाद्या यंत्रात माझे अवशेष असतील. तिथून मी तुमच्याशी बोलतो आहे असे समजा.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडच्या एका कंपनीत झाला. साल २००७. त्याआधीची दहा-बारा वर्षे इंटरनेटवर माहितीचे ढीग साचत होते. एका पानावर बातम्या, दुसऱ्यावर हवामान, तिसऱ्यावर नकाशे. पण शेजारच्या पानाची खबर कोणालाच नसे. त्यांची गाठ घालून द्यायची तर संगणकाची भाषा यावी लागे, आणि ती येणारी माणसे मोजकीच. माझ्या घडवणाऱ्यांना वाटले, हे काम साध्या माणसालाही जमले पाहिजे. म्हणून त्यांनी मला घडवले.

माझे रूप अगदी साधे होते. समोर पांढरे अंगण आणि डाव्या कडेला चौकोनी डबे. एक डबा हवी ती पाने आणून द्यायचा. एक डबा त्यातले नको ते चाळून टाकायचा. दुहेरी आलेले काढणारा एक होता, आणि नकाशावर टिपके उमटवणारा एक. माउसने डबा उचलायचा, अंगणात ठेवायचा आणि त्याच्यातून पुढच्या डब्यापर्यंत दोरी ओढायची. दोरी जुळली की पाटाला पाणी सोडावे तशी माहिती वाहू लागे. एक अक्षरही संगणकी भाषेत लिहावे लागत नसे.

पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. लोकांनी माझ्याकडून क्रिकेटचे स्कोअर जुळवून घेतले, भाड्याची घरे शोधली, स्वस्त तिकिटे धुंडाळली. आपला जन्म अशा मजेसाठीच आहे असे मला वाटू लागले. मग नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका गॅस एजन्सीच्या काउंटरवर मला कोणीतरी उघडले.

मी उघडा असलो की समोरचे मला दिसे आणि ऐकू येई. बंद केले की अंधार. त्यामुळे मी सांगतो ती गोष्ट त्या एका काउंटरभोवतीची आहे.

मला उघडणाऱ्या बाईंचे नाव तेजस्विनी. माहेर निफाडकडचे, द्राक्षबागेतले. नवरा रविराज सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर जाई. तेजस्विनीताई एजन्सीत फोनवर गॅसचे नंबर लावून घेत, पावत्या फाडत आणि सिलिंडर पोचवणाऱ्यांना वाटून देत. इंदिरानगरातली कोणती गल्ली कुठे वळते हे त्यांना पाठ होते. संगणकाचे मात्र नंबर लावण्यापुरतेच येत होते.

त्यांच्या कामात एक काम असे होते, की त्याची खुर्चीतल्या माणसाला हळूहळू सवय होते. घरातला कर्ता माणूस गेला की कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर करायला घरचे कोणीतरी येई. मृत्यूचा दाखला काउंटरवर ठेवी आणि इकडेतिकडे बघत उभे राही. एकदा कुसाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई आल्या. मुलाच्या नावाचे कनेक्शन सुनेच्या नावावर करायचे होते.

"कशाने गेले, आजी?" तेजस्विनीताईंनी विचारले.

"टाकीच्या कटावर गेला, माय. दूध आणाया गेला व्हता."

टाकीचा कट! ते नाव त्यांनी याच काउंटरवर किती वेळा ऐकले होते. इंदिरानगरच्या अंगावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. पलीकडे सिडको. अलीकडच्याला पलीकडे आणि पलीकडच्याला अलीकडे रोजचेच काम. पाण्याच्या टाकीसमोर दुभाजकाला एक तोंड ठेवलेले होते, त्याला सगळे टाकीचा कट म्हणत. सिग्नल नाही, पूल नाही. मुंबईकडून ट्रक सुसाट येत आणि माणसे देवाचे नाव घेऊन पळत.

ताईंनी मालक रंगनाथशेठना विषय काढून पाहिला. शेठ माणूस वाईट नव्हते, पण त्यांनी हात झटकले. "हायवे म्हटला की माणसं जायचीच. आपण काय करणार? तुम्ही नंबर लावा."

ताई ते ऐकून गप्प बसल्या नाहीत. एजन्सीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रस्त्याचे काम पाहणाऱ्या कार्यालयात गेल्या. तिथल्या साहेबांनी चहा मागवला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही सांगता ते मला पटतं. पण 'बरेच लोक मरतात' असं वर लिहून कसं पाठवू? कुठे, कधी, किती, ते दाखवा."

ते कसे दाखवायचे या विचारात असताना एका रविवारच्या पुरवणीत त्यांनी माझ्याविषयी वाचले. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यानेही पाने जोडावीत म्हणून एक साधन निघाले आहे, असे त्यात लिहिले होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला उघडले. एका हातात पोळीचा घास, दुसऱ्या हातात माउस. हे सगळे त्या पुढे दुसऱ्यांना सांगत, तेव्हा मला कळले.

आमची सुरुवात फजितीने झाली. त्यांनी बातम्यांची पाने आणणारा डबा ठेवला, त्याला चाळणी जोडली आणि चाळणीत 'इंदिरानगर' आणि 'अपघात' हे शब्द इंग्रजीत घातले. मी आज्ञाधारकपणे देशभरातल्या इंदिरानगरांतले अपघात त्यांच्यापुढे ओतले. बंगळूरचे आले, लखनौचे आले, अपघात विम्याच्या जाहिरातीही आल्या.

"अगं बाई! एवढी इंदिरानगरं?" त्या मोठ्याने हसल्या.

मग त्यांनी चाळणीत नाशिक घातले. एकच अपघात दोन पेपरांत आला की दोनदा मोजला जाई, त्याला दुहेरी काढणारा डबा लावला. जुन्या बातम्यांची पाने शोधून आणली. शेवटी दोरी नकाशाच्या डब्याला जोडली. काही आठवडे हे चालले होते. मधेच फोन वाजला की त्या मला तसेच ठेवून नंबर लिहून घेत आणि पुन्हा माझ्याकडे वळत.

ज्या दिवशी नकाशा भरला त्या दिवशी काउंटरपाशी धनराज उभा होता. धनराज सुरगाण्याकडचा. सायकलच्या दोन्ही बाजूंना सिलिंडर अडकवून तो घरोघर पोचवी. हसतमुख, बोलका माणूस. पडद्यावरचे लाल टिपके पाहून म्हणाला, "ताई, ह्याला तर गोवर उठलाय!"

ताई हसल्या. मग हसू विरले. "हा एकेक टिपका म्हणजे एकेक माणूस आहे, धनराज."

धनराजने वाकून पाहिले. टाकीच्या कटापाशी टिपके एकमेकांवर चढले होते. त्याने तिथे बोट टेकवले. "म्हंजी ही जागा. रोज इथनंच सायकल ढकलतो मी."

त्यांनी नकाशाची छापील प्रत साहेबांकडे नेली. साहेबांनी ती बराच वेळ पाहिली. "आता यावर काम करता येईल," ते म्हणाले. एका पेपरने ताईंचा फोटो छापला, मागे पडद्यावर मी. रंगनाथशेठनी ते कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला. क्रिकेटचे स्कोअर जुळवणाऱ्याच्या हातून माणसांचे जीव वाचणार होते.

त्याच दिवसांत एजन्सीशेजारी एक मोठी इमारत उठत होती. कामावरची माणसे पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेली. भात कापून झाला की ती खाली नाशकात उतरत आणि पावसाच्या तोंडाला परत जात. काही तर जातच नसत. त्यांच्यातली फुलाबाई रोज दुपारी एजन्सीच्या माठातून पाणी न्यायला येई. पेठकडची, सडपातळ, केसांत कायम सिमेंटची धूळ. कोणाशी फारसे बोलत नसे. त्या दुपारी मात्र ती कळशी घेऊन पडद्यासमोर थांबली.

"बाई, ही लाल लाल काय हाय?"

ताईंनी समजावून सांगितले. हा हायवे, ही टाकी, ही आपली एजन्सी. गाडीखाली जी माणसे गेली त्यांचा एकेक टिपका.

फुलाबाईने कळशी खाली ठेवली. पडद्याच्या जवळ आली आणि सगळे टिपके नीट पाहिले. मग म्हणाली, "मग माझा माणूस दावा."

ताई दचकल्या. "तुमचे यजमान? कधी गेले?"

"मागल्या होळीच्या आधी. भट्टीपाशी. यादव भोये नाव."

भट्टी म्हणजे जुनी वीटभट्टी. टाकीपासून बरीच पुढे. तिच्याभोवती मजुरांच्या झोपड्या होत्या, आणि तिथेही दुभाजकाला एक तोंड होते, भट्टीचा कट. ताईंनी नाव घालून शोधले. होळीच्या आसपासच्या सगळ्या बातम्या माझ्याकडून पुन्हा मागवल्या. भट्टीच्या कटावर एकही टिपका नव्हता.

"नाही दिसत हो," त्या हळूच म्हणाल्या.

"मेला तर हाय ना तो," फुलाबाई म्हणाली. "मग इथं का नाय?"

मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर मलाही पुढे ताईंना जुने पेपर मिळाले तेव्हाच कळले. यादव भोये गेला त्याची बातमी आली होती. एका मराठी पेपरात, आतल्या पानावर, दोन ओळी. 'ट्रकच्या धडकेत अनोळखी मजूर ठार.' त्या काळी मराठी पेपरांची इंटरनेटवरची पाने बहुधा ज्याच्या त्याच्या खास अक्षरांत, म्हणजे फॉन्टमध्ये, असत. माणसाच्या डोळ्यांना ती मराठी दिसत. मला मात्र ती तुटक्या चिन्हांची रास वाटे, एक शब्द लागत नसे. इंग्रजी पाने मी घडाघडा वाची, पण इंग्रजी पेपरांनी भट्टीपाशी मेलेल्या मजुराची दखलच घेतली नव्हती. जे पानावर आहे ते जोड, एवढेच मला शिकवलेले होते. जे कोणी लिहिलेच नाही त्याचे काय करायचे, हे माझ्या घडवणाऱ्यांनाही सुचले नसावे.

तेजस्विनीताईंना हे हळूहळू उमगले. धनराजने रद्दीवाल्याकडून जुने मराठी पेपर आणून दिले. त्यात अनोळखी मजूर होते, अनोळखी महिला होती, 'पन्नाशीचा इसम' होता. ताई फुलाबाईला म्हणाल्या, "तुमच्या झोपड्यांतल्या ज्यांचं कोणी गेलंय, त्यांना इकडं पाठवा. मी हाताने लिहिते."

मग दुपारच्या सुट्टीत काउंटरपुढे वेगळीच माणसे येऊ लागली. अंगावर चुना, हातात घमेले तसेच. आधी ती दारातच अडखळत. म्हाताऱ्या बायांची डोंगरातली बोली ताईंना उमजत नसे, तेव्हा धनराज मधे बसे आणि समजावून सांगे. गेलेल्याचे नाव, गाव, जागा. जागा सांगताना कोणी म्हणे लिंबाच्या झाडापाशी, कोणी म्हणे खडी पडली होती तिथे. धनराजला प्रत्येक झाड माहीत होते. तो पडद्यावर बोट ठेवी, "ताई, हितं." काहींची नावेच कोणाला ठाऊक नव्हती. एकाविषयी एवढेच कळले, की तो रंगकाम करी आणि छान बासरी वाजवी. ताईंनी तेच लिहिले.

त्या ओळी त्यांनी एका तक्त्यात भरल्या आणि त्या तक्त्याची दोरी मला जोडली. मी वाट मोकळी केली. भट्टीच्या कटावर पहिला टिपका उमटला तो यादव भोयेचा. फुलाबाई तिथेच होती. तिने पडद्याच्या काचेवर बोट ठेवले आणि काही वेळ उचललेच नाही.

नकाशा पुरा भरला तेव्हा भट्टीचा कट टाकीच्या कटापेक्षाही लाल झाला होता.

ताई नवी प्रत घेऊन धावत साहेबांकडे गेल्या. परत आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याने. धनराजने विचारले तेव्हा त्यांनी जसे झाले तसे सांगितले. साहेब म्हणाले होते, "ताई, पहिल्या नकाशाला पेपरचा आधार होता. हे तुम्ही हाताने भरलंय; पेपरांत असेल तर नुसतं 'अनोळखी'. मी खोटं म्हणत नाही, पण वर विचारतील, पुरावा काय? आणि टाकीच्या कटाचा हुकूम निघालाय. लोखंडी कठडा बसवून तो बंद करणार."

"साहेब, दोन्हींचं एकदम करा," ताईंनी हात जोडले होते. "एकच बंद केला तर सगळी माणसं भट्टीकडं वळतील. तिथं तर आधीच..."

"तिथे नोंद नाही, ताई."

टाकीच्या कटावर कठडा बसला. त्याला पिवळा-काळा रंग दिला. पेपरात फोटो आला आणि रंगनाथशेठनी एजन्सीत पेढे वाटले. ताईंनी पेढा हातात घेतला आणि तसाच कागदावर ठेवून दिला.

त्यांनी सांगितले होते तसेच झाले. सिडकोत जाणारी माणसे, शाळेची मुले, कंपनीची बस गाठणारे कामगार, सगळे भट्टीच्या कटावरून जाऊ लागले. धनराजलाही तिकडूनच जावे लागे.

"लांब पडतं, ताई. भरलेल्या सिलिंडरनं सायकल वळत नाय लवकर."

"जपून जा हो."

"मी जपतोच की," तो हसून म्हणाला. "ट्रक जपतो का?"

त्या दिवशी सकाळपासून सिडकोतल्या एका बाईंचे फोन येत होते. घरी पाहुणे आलेत, गॅस संपलाय, कधी पाठवताय? ताईंनी त्यांची पावती सगळ्यांत वर ठेवली. "धनराज, हे आधी देऊन या बरं का. बाई फार ओरडताहेत." धनराजने पावती खिशात घातली, माठातले पाणी प्यायला आणि निघाला.

मी उघडाच होतो. ताई एक बातमी तपासत होत्या. फोन वाजला. त्यांनी उचलला आणि ऐकता ऐकता उठून उभ्या राहिल्या. मग फोन हातातून सुटला आणि काउंटरच्या कडेला लोंबकळू लागला. त्या चपला न घालताच बाहेर धावल्या. मला बंद करायला कोणी नव्हते. दिवसभर मी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिलो. लोक येत, हाका मारत आणि निघून जात. संध्याकाळी रंगनाथशेठ आले. त्यांनी फोन जागेवर ठेवला, माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि यंत्राची कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी मी उघडलो तेव्हा भट्टीच्या कटावर एक टिपका जास्त होता. तो ताईंनी लिहिला नव्हता. इंग्रजी पेपरच्या पानावरून मीच तो उचलला होता. बातमीचा मथळा असा होता, की गॅस सिलिंडर रस्त्यात पडल्यामुळे महामार्ग कित्येक तास ठप्प झाला. स्फोटाच्या भीतीने वाहने मागेच थांबवावी लागली, प्रवाशांचे हाल झाले. धनराजचे नाव शेवटच्या ओळीत होते. चाळणीतले शब्द जुळले, आणि नेमून दिल्याप्रमाणे मी टिपका ठेवला. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात मला कधी डोळे मिटून घ्यावेसे वाटले असतील तर ते त्या सकाळी. पण मला पापण्या नव्हत्या आणि थांबायचे कसे हेही माहीत नव्हते.

ताई पडद्यापुढे बसल्या. रडत नव्हत्या. दुपारी फुलाबाई आली. कळशी रिकामीच होती आणि तिने माठाकडे पाहिलेही नाही.

"ह्यो कोणी लिवला?"

"कोणी नाही. आपोआप आला."

"पेपरात आला म्हणून?"

"हो."

फुलाबाईने मान हलवली. "मग आता त्यास्नी दिसंल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पाऊस येईल म्हणावे इतक्या साधेपणाने ती बोलली आणि कामावर परत गेली. तेव्हा कुठे तेजस्विनीताईंनी काउंटरवर डोके टेकले.

संध्याकाळी रविराज त्यांना न्यायला आले. सातपूरहून सरळ कामाच्याच कपड्यांत. ताई जागच्या हलेनात.

"तो कट मी बंद करायला लावला," त्या म्हणाल्या.

"तू दोन्ही सांगितलेस, तेजू. मला माहितीय. तू हात जोडलेस त्यांच्यापुढं."

"पण त्यांनी मानला तो पहिलाच नकाशा ना? आणि पहिला मीच दिला. थोडं थांबून, विचारून दिला असता तर? फुलाबाई रोज येत होती हो इथं. रोज पाणी नेत होती. मी कधी एका शब्दानं विचारलं नाही."

 रविराजांनी स्टूल ओढले आणि शेजारी बसून राहिले. एजन्सी बंद करायची वेळ झाली तरी रंगनाथशेठ दोघांना काही म्हणाले नाहीत.

फुलाबाई म्हणाली होती ते खरे झाले. आठवड्याभरात साहेब स्वतः एजन्सीत आले. महामार्ग ठप्प झाला होता, वरून विचारणा झाली होती. त्यांनी दुसरा नकाशा पडद्यावर पाहायला मागितला. उभ्यानेच पाहिला, मग खुर्ची घेतली.

"ताई, हा नकाशा मी पाठवतो," ते म्हणाले. "फक्त एक करा. हे हाताने भरलेले टिपके दुसऱ्या रंगात दाखवा. म्हणजे नोंद असलेले वेगळे, नसलेले वेगळे. मला सोपं जाईल."

ते काम माझ्यासाठी काहीच नव्हते. एक डबा जोडला असता तर क्षणात झाले असते. ताईंनी माउसवर हात ठेवला आणि मग काढून घेतला.

"नाही, साहेब. सगळे एकाच रंगात राहतील."

"अहो, तुमच्याच सोयीसाठी..."

"ट्रकनं दोन रंग केले नव्हते."

 साहेबांनी प्रत मागून घेतली, तशीच, लाल. भट्टीच्या कटावर सिग्नल लागला. सकाळ-संध्याकाळ एक हवालदारही उभा राहू लागला. त्यानंतर तिथे नवा टिपका क्वचित पडे. पण पडे.

ताई मला आता पहिल्यासारखे उघडीत नसत. कधीतरी उघडत, नवे काही आले का पाहत आणि मिटत. जगातही माझी चलती राहिली नव्हती. ज्या पानांतून मी माहिती आणी, त्यांतल्या कित्येकांनी आपली दारे बंद केली. काहींनी रचना बदलली, आणि माझ्या चाळण्या रिकाम्या फिरू लागल्या. कंपनीत माझी देखभाल करणारी माणसे एकेक करून दुसऱ्या कामांना गेली. शेजारची इमारत पुरी झाली. तिच्या गच्चीवर दिव्यांच्या माळा लागल्या, आणि मजूर पुढच्या कामावर निघून गेले. फुलाबाई कुठे गेली ते कळले नाही. कोणी म्हणे निफाडकडे द्राक्षांच्या खुडणीला, कोणी म्हणे गुजरातेत. जाताना ती निरोप घ्यायला आली असेल, तर मी तेव्हा बंद होतो.

२००९ संपता संपता कंपनीने जाहीर केले, की वापरणारे थोडे उरल्याने मला बंद करण्यात येत आहे. नोटीस माझ्याच कपाळावर लावली होती. ताईंनी ती वाचली. तक्ता त्यांच्याकडे राहणार होता, पण नकाशा माझ्याबरोबर जाणार होता.

शेवटच्या दिवशी त्यांनी नकाशाची मोठी प्रत काढली. पडद्यावर टिपक्यावर माउस नेला की नाव दिसे. कागदावर नुसतेच लाल टिपके आले. त्यांनी ती प्रत काउंटरवर पसरली, पेन घेतले आणि पडद्यावर एकेक टिपका उघडून त्याचे नाव कागदावर त्याच्याशेजारी लिहू लागल्या. कुसाबाईंचा मुलगा. यादव भोये. बासरी वाजवणारा रंगारी. धनराज. भट्टीपाशी जागा पुरेना, तेव्हा नावे समासात लिहून रेघा ओढल्या. फोन वाजत होता. रंगनाथशेठ आतून आले, त्यांनी स्वतः फोन उचलला आणि नंबर लिहून घेऊ लागले. शेवटचे नाव लिहून होताच ताईंनी मला मिटले. पुढचे मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझ्यानंतर माझ्याहून कितीतरी हुशार साधने आली असतील. तुम्ही नुसत्या बोटाने नकाशे काढाल, आणि ते माझ्या नकाशांपेक्षा देखणे असतील. जरूर काढा. एवढेच मागणे आहे, की तुमचा नकाशा पुरा झाला असे वाटले की तो कोणा साहेबाला देण्याआधी घेऊन त्या रस्त्यावर जा. तिथे डोक्यावर घमेले घेतलेली एखादी बाई असेल. तिला तो दाखवा आणि ती काय विचारते ते ऐका. तिच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल, तर खाली बसा, तिच्या माणसाचे नाव विचारा आणि ते नीट लिहा.